तंतूंना न्याय, रेझिनची उपेक्षा: पॉलिमर आणि फायबर कंपोझिटच्या प्रयोगसंचाचे परीक्षण

पोलाद किंवा ॲल्युमिनियम वापरणाऱ्या यांत्रिकी अभियंत्याच्या हातात पदार्थ तयार येतो. त्याची घनता, यंगचा गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) आणि ताणसामर्थ्य प्रमाणपत्रावर छापलेले असते आणि अभियंत्याचे काम त्या आकड्यांपासून पुढे सुरू होते. तंतू आणि रेझिन (घट्ट होणारे द्रव पॉलिमर) यांच्या फायबर कंपोझिटमध्ये मात्र पदार्थ आणि वस्तू एकाच वेळी, एकाच मोल्डमध्ये जन्माला येतात. कापड किती काटेकोर बसवले, रेझिन किती राहिले, हवा किती निघाली आणि किती तापमानाला ते घट्ट झाले, यांवर त्या पदार्थाचे गुणधर्म ठरतात. ही गोष्ट वर्गात कितीही वेळा सांगितली तरी धातूंवर वाढलेल्या विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडत नाही. तिच्यासाठी हात रेझिनमध्ये घालावे लागतात. येथे ज्याचे परीक्षण केले आहे तो प्रयोगसंच नेमक्या याच गरजेसाठी तयार केलेला आहे, आणि म्हणून तो विद्यार्थ्याला पदार्थाची जबाबदारी घ्यायला शिकवतो का, याच कसोटीवर मी तो तपासला.

संचात इपॉक्सी रेझिन व अमाइन वर्गातील हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन), चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचे विणलेले ई-ग्लास (काचतंतूंचे) कापड, एकाच दिशेने तंतू असलेले कार्बन कापड, पील प्लाय (पत्रा घट्ट झाल्यावर सोलून काढायचे कापड), रेझिन शोषणारे कापड, व्हॅक्यूम बॅगची फिल्म, सीलंट टेप, हाताने चालवायचा छोटा व्हॅक्यूम पंप, रिलीज वॅक्स आणि रोलर येतात. त्यांच्या जोडीला पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन 6, पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक यांच्या तयार पट्ट्या, आधारांमधील अंतर बदलता येणारे तीन-बिंदू वाकवण्याचे छोटे यंत्र, डायल गेज आणि मार्गदर्शक पुस्तिका आहे. साहित्याचा दर्जा चांगला आहे. ग्लास कापडाची वीण एकसारखी आहे, कात्रीने कापताना कडेचे धागे फारसे सुटत नाहीत आणि रेझिन लावताच कापड काही क्षणांत पारदर्शक होते, यावरून तंतूंवरचे साइझिंग इपॉक्सीला साजेसे आहे हे कळते. साइझिंग म्हणजे तंतू आणि रेझिन यांना एकमेकांशी बांधणारा अतिशय पातळ लेप होय. तो चुकीचा असेल तर लॅमिनेट, म्हणजे थरांवर थर चिकटवून केलेला पत्रा, दिसायला उत्तम असूनही थर सहज सुटतात. स्वस्त कापडात नेमकी येथेच फसगत होते, आणि या संचाने येथे काटकसर केलेली नाही.

पुस्तिकेतील पहिला मोठा प्रयोग हा संपूर्ण संचाचा सर्वोत्तम भाग आहे. ग्लास कापडाचे आठ थर वापरून दोन पत्रे करायचे: एक केवळ रोलर फिरवून, दुसरा व्हॅक्यूम बॅगखाली, म्हणजे हवा काढलेल्या पिशवीखाली दाबून. दोन्ही पत्रे घट्ट झाल्यावर मायक्रोमीटरने त्यांची जाडी मोजायची, एवढेच काम आहे. पण त्या एका मापात कंपोझिटचा पाया सामावलेला आहे. आठ थरांत चौरस मीटरला 2400 ग्रॅम काच असते आणि काचेची घनता घनसेंटिमीटरला 2.55 ग्रॅम धरली, तर ती काच वितळवून सलग ओतल्यास केवळ 0.94 मिलिमीटर जाडीचा थर होईल. हाताने केलेला पत्रा 2.7 मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे त्यात आकारमानाने सुमारे 35 टक्के तंतू आहेत. व्हॅक्यूमखालचा पत्रा 1.9 मिलिमीटरपर्यंत उतरतो आणि तंतूंचे प्रमाण सुमारे 50 टक्क्यांवर जाते. बाकी सारे रेझिन, आणि कुठे कुठे अडकलेली हवा. पत्रा पील प्लायपासून सोलून काढल्यावर त्याची कड प्रकाशासमोर धरली की हाताने केलेल्या पत्र्यात थरांच्या मधले रेझिनचे पिवळसर पट्टे आणि सुईच्या टोकाएवढे बुडबुडे उघड्या डोळ्यांना दिसतात, तर व्हॅक्यूमच्या पत्र्यात थर एकमेकांना इतके बिलगलेले असतात की ते मोजायला भिंग लागते.

या प्रयोगात एक अवघड वळण येते. दोन्ही पत्र्यांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या वाकवण्याच्या यंत्रावर ठेवल्या आणि तेवढेच वजन टांगले, तर व्हॅक्यूमखाली केलेली, म्हणजे ज्याला आपण चांगली म्हणतो ती पट्टी जास्त वाकते. हे पाहून कित्येक विद्यार्थी व्हॅक्यूमचा काय उपयोग, असे विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. व्हॅक्यूमच्या पत्र्याचा गुणांक वाढला तरी जाडी 2.7 वरून 1.9 वर आल्यामुळे वाकण्याला होणारा एकूण विरोध निम्म्यापर्यंत घसरतो. पण त्याच पट्ट्या लांबीच्या दिशेने ताणल्या तर दोन्ही जवळजवळ सारख्याच ताणल्या जातात, कारण भार वाहणारी काच दोन्हींत तेवढीच आहे. जास्तीच्या रेझिनने फक्त वजन वाढवले. चौरस मीटरमागे पहिला पत्रा सुमारे साडेचार किलोचा आणि दुसरा साडेतीन किलोचा भरतो. वाकण्यासाठी जाडीच हवी असेल तर ती महागड्या आणि जड रेझिनने न भरता मध्ये हलका फोम किंवा बाल्सा लाकूड घालावे, या विचारातूनच सँडविच रचना येते. पुस्तिकेने मात्र हा निष्कर्ष एका ओळीत गुंडाळला आहे आणि विद्यार्थ्याच्या मनात उठणाऱ्या प्रश्नाची दखल घेतलेली नाही. शिक्षक सोबत नसेल तर या ठिकाणी चुकीची समजूत घट्ट बसण्याची शक्यता आहे.

तंतूंचे प्रमाण वजनाने सांगायचे की आकारमानाने, या बाबतीत पुस्तिका काटेकोर आहे आणि त्याबद्दल लेखकांचे कौतुक केले पाहिजे. अर्धे वजन काचेचे आणि अर्धे इपॉक्सीचे असलेल्या लॅमिनेटमध्ये आकारमानाने काच फक्त 32 टक्के असते, हे उदाहरण आकडेमोडीसह दिले आहे. तंतू आणि रेझिन यांच्या गुणांकांची वाट्यानुसार सरासरी काढणारा मिश्रणाचा नियम आकारमानावर चालतो. वजनाचे टक्के त्यात घातले तर गुणांक भलताच फुगतो, आणि बाजारातील माहितीपत्रकांत बहुधा वजनाचेच टक्के छापलेले असतात. तंतूंचे प्रमाण तपासण्यासाठी भट्टीत रेझिन जाळून टाकण्याची पद्धतही पुस्तिकेत आहे. ग्लाससाठी 565 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान दिले आहे आणि ते प्रचलित पद्धतीला धरून आहे. परंतु हीच पद्धत कार्बनला लागू नाही, हे तेथे ठळकपणे लिहायला हवे होते. हवेत त्या तापमानाला कार्बनचे तंतूही जळू लागतात, मग उरलेल्या वजनाला अर्थ राहत नाही.

कार्बनच्या एकदिशीय कापडाचे प्रयोग मोजके आहेत, पण नेमके आहेत. 60 टक्के तंतू, तंतूचा गुणांक 230 गिगापास्कल आणि इपॉक्सीचा 3 गिगापास्कल असे धरल्यास तंतूंच्या दिशेने लॅमिनेटचा गुणांक 139 गिगापास्कल येतो. आडव्या दिशेने तो 8 गिगापास्कलच्या आसपास राहतो, कारण तेथे भार रेझिनमधूनच जावा लागतो. एवढे बहुतेक पाठ्यक्रमांत असते. हा संच पुढे जाऊन विद्यार्थ्याला तंतूंच्या दिशेशी 10 अंशांचा कोन करून पट्टी कापायला लावतो. डोळ्यांना ती सरळ कापलेल्या पट्टीसारखीच वाटते, पण कर्तन गुणांक (थर एकमेकांवर सरकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) 5 गिगापास्कल धरून हिशेब केला तर तिचा गुणांक 80 गिगापास्कलच्या जवळ उतरतो. मोल्डमध्ये कापड ठेवताना झालेल्या किरकोळ तिरपेपणाची किंमत इतकी मोठी असते. धातूच्या पत्र्याला ही सवय नसते, आणि म्हणूनच ही पट्टी हातात घेऊन वाकवून पाहणे कोणत्याही आलेखापेक्षा जास्त शिकवते.

वाकवण्याच्या यंत्राबद्दल मात्र एक गंभीर तक्रार आहे. आधारांमधील अंतर नमुन्याच्या जाडीच्या 16 पट ठेवावे, असे पुस्तिका सरसकट सांगते. सर्वसाधारण प्लॅस्टिकसाठी ते योग्य आहे. कार्बनच्या एकदिशीय लॅमिनेटमध्ये मात्र तंतूंच्या दिशेचा गुणांक आणि कर्तन गुणांक यांचे गुणोत्तर 28 च्या घरात जाते. पोलादात ते केवळ 2.6 असते. परिणामी 16 पट अंतरावर मोजलेल्या वाकण्यात कर्तनाचा, म्हणजे थर एकमेकांवर सरकण्याचा, वाटा निव्वळ वाकण्याच्या सुमारे 13 टक्के होतो, आणि तो वेगळा न काढल्यास गुणांक तेवढ्या प्रमाणात कमी आलेला दिसतो. अंतर 32 पट केले की हा वाटा 3 टक्क्यांवर येतो. यंत्राचे आधार तेवढे लांब सरकतात, त्यामुळे दोष यंत्राचा नसून सूचनेचा आहे. पुढच्या आवृत्तीत एक वाक्य बदलले की तो दूर होईल. तोवर वापरणाऱ्याने कार्बनच्या पट्ट्या लांब कापाव्यात.

असममित लॅमिनेटचा प्रयोग मला विशेष आवडला. कार्बनचे दोनच थर, एक उभा आणि एक आडवा, सपाट काचेवर ठेवून 80 अंशांना घट्ट करायचे आणि थंड होऊ द्यायचे. काचेवरून सुटताच ते पान स्वतःहून वळते. तंतूंच्या दिशेने कार्बन लॅमिनेट तापमानाबरोबर जवळजवळ आकुंचन पावत नाही आणि आडव्या दिशेने मात्र बरेच आकुंचन पावते. दोन थर एकमेकांना खेचतात आणि सपाट राहणे त्यांना शक्य होत नाही. वळलेले पान दोन्ही हातांनी दाबले की ते टक् असा आवाज करून उलट्या दिशेच्या वाकात जाऊन बसते. लॅमिनेटची मांडणी मध्यापासून दोन्हीकडे सारखी ठेवावी, हा नियम यानंतर कोणाला पाठ करावा लागत नाही.

आतापर्यंत जे सांगितले ते बहुतांशी तंतूंचे झाले. शीर्षकात पॉलिमर हा शब्द आधी असूनही या संचात पॉलिमरची बाजू उणी पडते, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे. रेझिन म्हणजे तंतूंना चिकटवून ठेवणारा गोंद, अशी जी समजूत पुस्तिकेच्या प्रास्ताविकात डोकावते ती अपुरी आहे. तंतूंमध्ये भाराची देवाणघेवाण रेझिनमधून होते, दाबाखाली तंतू वाकून मोडू नयेत म्हणून त्यांना बाजूने आधार रेझिन देते, आणि वस्तू किती तापमानापर्यंत वापरता येईल याची मर्यादाही बहुधा तेच ठरवते. हर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 साली पॉलिमर म्हणजे सहसंयोजक बंधांनी जोडलेल्या प्रचंड लांब साखळ्या आहेत, ही कल्पना मांडली आणि 1953 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, एवढा इतिहास पुस्तिकेत आहे. त्या लांब साखळ्यांमुळे यांत्रिकी वर्तनात काय बदलते, हे सांगणारे प्रयोग मात्र शोधावे लागतात.

असा एक प्रयोग शेवटच्या पानांत ऐच्छिक म्हणून टाकला आहे, तो खरे तर अगदी सुरुवातीला हवा होता. त्याच इपॉक्सीच्या, तंतू नसलेल्या दोन पट्ट्या करायच्या. एक खोलीच्या तापमानाला घट्ट करून तशीच ठेवायची आणि दुसरीला नंतर ओव्हनमध्ये पोस्ट-क्युअर द्यायचा, म्हणजे घट्ट झाल्यावर पुन्हा तापवायचे. थंड असताना दोन्ही सारख्याच कडक लागतात. 70 अंशांच्या गरम पाण्यात दोन्ही बुडवल्या की पहिली पट्टी चामड्यासारखी नरम पडते आणि बोटांनी वाकते, दुसरी ताठ राहते. साखळ्यांचे जाळे विणले जात असताना ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या वर पदार्थ नरम पडतो) वाढत जाते आणि ते क्युअरच्या, म्हणजे घट्ट करण्याच्या, तापमानाच्या थोडे वर पोहोचले की साखळ्यांची हालचाल गोठते व अभिक्रिया जवळपास थांबते. उरलेले जाळे विणायला पुन्हा उष्णता द्यावी लागते. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले सुंदर, चकचकीत कंपोझिट उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या भागात वापरणे का धोक्याचे असते, हे या दोन पट्ट्या एका मिनिटात दाखवतात. इतका मोलाचा प्रयोग ऐच्छिक कसा ठरवला गेला, हे मला समजू शकले नाही.

थर्मोप्लास्टिकच्या चार पट्ट्यांचीही अशीच उपेक्षा झाली आहे. त्या वाकवायच्या, भार आणि वाक लगेच नोंदवायचे आणि गुणांक काढायचा, एवढ्यावर प्रयोग संपतो. जणू त्या पोलादाच्याच पट्ट्या आहेत. पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीवर तेच वजन टांगून एका मिनिटानंतर, एका तासानंतर आणि दुसऱ्या दिवशी डायल गेजचा काटा वाचला, तर तो पुढे पुढे सरकत गेलेला दिसतो. हेच क्रीप आहे, आणि प्लॅस्टिकचा भाग आखताना कोणत्या गुणांकाने हिशेब करायचा हा प्रश्न किती काळासाठी आणि किती तापमानाला, या प्रतिप्रश्नाशिवाय सुटत नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या स्फटिकेतर (अव्यवस्थित साखळ्यांच्या) भागाचे ग्लास ट्रान्झिशन शून्य अंशाच्या आसपास असल्याने खोलीच्या तापमानाला त्याच्या साखळ्या आधीच हलत्या असतात. पॉलिकार्बोनेटचे ते 150 अंशांच्या जवळ असल्याने त्याची पट्टी त्याच भाराखाली बरीच स्थिर राहते. दोन्ही पट्ट्या, वजन आणि डायल गेज संचात आहेतच. लागणार होते ते फक्त एक पान आणि थोडा धीर.

नायलॉनच्या पट्टीला तर पुस्तिकेने तिचे म्हणणे मांडूच दिलेले नाही. नायलॉन 6 पाण्यात पूर्ण भिजू दिले तर आपल्या वजनाच्या 9 ते 10 टक्के पाणी शोषते आणि ते पाणी साखळ्यांमधील हायड्रोजन बंध सैल करून पदार्थाला मऊ व चिवट बनवते. कोरड्या आणि भिजलेल्या पट्टीचे वजन करून दोन्ही वाकवल्या असत्या, तर माहितीपत्रकात एकाच नायलॉनचे दोन गुणांक का दिलेले असतात याचा उलगडा झाला असता. संच वापरणाऱ्या शिक्षकांनी हे दोन्ही प्रयोग आपणहून घालावेत, असे मी आग्रहाने सुचवतो.

रेझिन मिसळण्याबाबतच्या सूचना नीट लिहिल्या आहेत. शंभर भाग रेझिनला तेरा भाग हार्डनर हे प्रमाण कोठून आले, हेही सांगितले आहे: इपॉक्सीच्या एका क्रियाशील गटामागे सुमारे 190 ग्रॅम रेझिन आणि हार्डनरच्या एका क्रियाशील हायड्रोजनमागे सुमारे 24 ग्रॅम, यांचे ते गुणोत्तर आहे. पॉलिएस्टर रेझिनवर काम केलेली माणसे लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवतात; तेथे पेरॉक्साइड अभिक्रिया सुरू करून देते, म्हणून ठरावीक मर्यादेत ते चालते. इपॉक्सीत हार्डनर स्वतः जाळ्याचा भाग होतो, त्यामुळे जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना उरतो आणि पदार्थ कमकुवत करतो. संचातील वजनकाटा मात्र एका ग्रॅमपर्यंतच मोजतो. छोट्या मिश्रणात 13 ग्रॅममध्ये एका ग्रॅमचा फरक म्हणजे जवळजवळ 8 टक्के चूक, आणि ज्या प्रमाणाचे महत्त्व पुस्तिका इतक्या तळमळीने सांगते ते पाळण्यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा काटा देणे आवश्यक होते.

सुरक्षिततेचा विचार अर्धवट आहे. नायट्राइलचे हातमोजे दिले आहेत, हे चांगले झाले, कारण अमाइन हार्डनर त्वचेला लागत राहिले तर ॲलर्जी जडते आणि ती एकदा जडली की बहुधा आयुष्यभर टिकते. मिसळलेले रेझिन खोल पेल्यात फार वेळ ठेवू नये, उथळ ताटलीत पसरावे, ही सूचनाही आहे. खोल पेल्यात अभिक्रियेची उष्णता बाहेर पडत नाही, ती अभिक्रियेला आणखी वेग देते आणि पेला धुमसू लागतो. मात्र घट्ट झालेले लॅमिनेट कापताना उडणाऱ्या धुळीसाठी मास्क नाही, आणि कार्बनची धूळ वीजवाहक असल्याने ती मोजमापाच्या उपकरणांत आणि विजेच्या खटक्यांत जाऊ देऊ नये, याचा उल्लेखही नाही. यांत्रिकी कार्यशाळेत कापण्याचे यंत्र आणि संगणक एकाच खोलीत असणे सर्रास आढळते, त्यामुळे ही उणीव लहान म्हणता येणार नाही. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि ओलावा मिळाला तर ॲल्युमिनियम गंजू लागते, म्हणून मध्ये ग्लासचा एक थर घालतात, हे मात्र पुस्तिकेने आठवणीने नोंदवले आहे.

सारे साहित्य संपल्यानंतरची व्यवस्था कशी आहे, याची चौकशी संच घेण्याआधी करावी. रेझिन, हार्डनर आणि ग्लास कापड सुटे मिळते. थंडीत साठवलेल्या इपॉक्सीत साखरेसारखे पांढरे कण दिसले तर ते खराब झालेले नसून स्फटिकले आहे आणि 50 अंशांच्या आसपास हळूहळू गरम केले की पुन्हा पूर्ववत होते, त्यामुळे नवे मागवण्याआधी ते करून पाहावे. पील प्लाय आणि सीलंट टेप मात्र उत्पादक सुटे देत नाही आणि व्हॅक्यूमचा प्रयोग त्यांच्याविना होत नाही. पहिल्या तुकडीनंतर दुसऱ्या तुकडीला तोच प्रयोग द्यायचा असेल तर हे दोन्ही बाहेरून मिळवून ठेवावे लागेल.